रनिंग किती, रंग कुठला आणि चालवली कोणी?

मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत पुरुषमंडळींचा एक कोंडाळा हमखास गाड्यांवर बोलत असतो. यंदा विषय निघाला सेकंड हँड स्पोर्ट्‌स कारचा. कारण सोपं आहे. वापी-सिल्वासा पट्ट्यात कारखानदारी आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेल्या जर्मन गाड्या बाजारात येत राहतात, आणि नव्या क्रेटाच्या पैशात दोन दारांची बीएमडब्ल्यू मिळते म्हटल्यावर पगारदार माणसाचंही मन चळतं. ‘तू इंजिनिअर, तूच सांग’ असं मला सांगण्यात आलं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, गाडीच्या इंजिनाशी माझा संबंध पेट्रोल भरण्यापुरता, हे तिथे कोणी ऐकून घेतलं नाही. मग या वेळचा लेख त्यावरच.

सुरुवात आपल्याला सगळ्यात जवळच्या फेरारीपासून करू. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने कसोटीतलं एकोणतिसावं शतक काढलं आणि ब्रॅडमनची बरोबरी केली. सचिन तेव्हा फियाटचा चेहरा होता आणि फेरारी फियाटच्या घरातली. त्या विक्रमाबद्दल फियाटने त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली, आणि ती त्याच्या हाती सोपवली मायकेल शूमाकरने, सिल्व्हरस्टोनला. पुढचं प्रकरण जास्त गाजलं. गाडीची किंमत तेव्हा ७५ लाखांच्या आसपास सांगितली जायची आणि जकात होत होती सुमारे १.१३ कोटी. सरकारने जकात माफ केली, त्यावर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने ही गाडी विकली. घेणारे होते सुरतचे एक उद्योजक. म्हणजे आपल्या भिलाडच्या फाट्यावरून हायवेला लागलं की दोन तासांवर. २०१२ साली आलेल्या ‘फेरारी की सवारी’ची गोष्ट सचिनच्या फेरारीभोवतीच फिरते, आणि त्याचे दिग्दर्शक राजेश मापुस्कर आपलेच, पुढे ‘व्हेंटिलेटर’ काढणारे.

या एका गाडीत आजचा सगळा विषय आहे. रंग लाल, मालक सचिन आणि किमतीपेक्षा मोठी जकात.

जकातीचं आधी उरकतो, कारण आपल्याकडच्या आणि परदेशातल्या रिसेलमध्ये खरा फरक तिथेच पडतो. बाहेरून पूर्ण बांधून येणाऱ्या गाडीवर आपल्याकडे इतका कर बसतो की ती मूळ किमतीच्या दुपटीच्याही पुढे जाते. पहिला मालक हा कर भरतो. दुसरा गिऱ्हाईक म्हणतो, कर तुझा, मला गाडीशी मतलब. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत काही फेरारी, पोर्शे जुन्या होऊन महाग होतात हे वाचून आपल्याकडच्या गाडीबद्दल तशी आशा धरण्यात अर्थ नाही. तिथे उतार जिथून सुरू होतो, त्याच्या दुप्पट उंचीवरून आपली गाडी घसरायला लागते.

आता रनिंग. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटलं की लिटरला किती देते हाच अर्थ घेतला जातो, तेव्हा घोळ नको म्हणून मी रनिंगच म्हणतो. रनिंगचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आहे मॅक्‌लॅरन एफ-वन. १९९०च्या दशकात अशा जेमतेम १०६ गाड्या बनल्या. त्यातली एक १९९५ची गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात विकली गेली. सव्वीस वर्षांत ती ३९० किलोमीटरही चालली नव्हती, म्हणजे सिल्वासा ते मुंबई एकदा जाऊन-येऊन वर थोडं. किंमत आली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर, त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपये. आणि रंग? तपकिरी! साध्या गाडीचा सर्वात पडेल रंग.

हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे चालवायचीच नाही. तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी बघा. ती होती रोवन ॲटकिन्सनची, म्हणजे आपल्या मिस्टर बीनची. या माणसाने ती खरोखर चालवली, ४१ हजार मैल, म्हणजे ६५ हजार किलोमीटरच्या वर. दोनदा ठोकली. १९९९ मध्ये एका छोट्या ऑस्टिन मेट्रोला मागून, आणि २०११ मध्ये इतकी जोरात की विमा कंपनीला दुरुस्तीवर ९ लाख पौंड घालावे लागले. सहा लाख पौंडांच्या आसपास घेतलेली ही गाडी २०१५ मध्ये त्याने ८० लाख पौंडांना विकली. जास्त रनिंग, दोन अपघात, तरीही बारा-तेरा पट. कारण १०६ पैकी एक, दुरुस्ती खुद्द कंपनीच्या हातची आणि प्रत्येक गोष्टीचा कागद.

म्हणजे रनिंगचा आकडा एकटा काही सांगत नाही. किती गाड्या बनल्या, कागद आहेत का आणि ते किलोमीटर कसे झाले, हे सोबत लागतं. आपल्या स्विफ्ट-व्हेन्यूला यातलं पहिलं लागूच नाही, लाखोंनी बनतात. त्यांच्यात रनिंग थेट किंमत खातं. दहा मिनिटांच्या सौद्यात गिऱ्हाईकाला दुसरं काही मोजता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

पण कमी रनिंगची एक बाजू आपल्या हवेत राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने एक जुनी जर्मन टू-सीटर घेतली, छप्पर उघडणारी. गाडी सुरेख आहे, पण काकूंचे गुडघे त्यात बसायला तयार नाहीत, आणि मागे सीट नसल्यामुळे नातवंडांनी तिला पहिल्याच दिवशी नापास केलं. त्यामुळे ती कव्हरखाली असते. मधून मधून काका कव्हर काढतात, पुसतात, परत घालतात. दहा वर्षांची गाडी, रनिंग एकवीस हजार. आता विकायची म्हणून गिऱ्हाईकं बोलावली तर काका अभिमानाने रनिंग सांगतात आणि गिऱ्हाईकाचा मेकॅनिक खाली वाकून नाक मुरडतो.

मला आधी त्या मेकॅनिकचा राग आला होता. मग वाचत गेलो तसं पटलं. उभ्या गाडीचं रबर वाळतं. टायर एकाच जागी दबून चपटे होतात आणि न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी अख्खी दिसली तरी ही तारीख बघा. बॅटरी बसते, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने! दमणगंगेच्या काठी ज्यांच्या कपाटातल्या चामडी पट्ट्यांना बुरशी येते, त्यांना सीटचं चामडं वेगळं सांगायला नको. त्या काळातल्या फेरारींचा तर एक जगप्रसिद्ध आजार आहे. आतल्या बटणांवरचा मऊ लेप दमट, उष्ण हवेत वितळून चिकट होतो. करोडोंची गाडी आणि बटण दाबलं की बोटाला गूळ लागल्यासारखं.

सचिनच्या ३६० मॉडेलमध्ये टायमिंग बेल्ट असतो. तो किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलायचा, साधारण दर तीन ते पाच वर्षांनी, गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनच संपतं. म्हणून जाणते गिऱ्हाईक तिथे रनिंगच्या आधी विचारतात, बेल्ट शेवटचा कधी बदलला आणि पावती आहे का. कमी रनिंग पण बेल्टची पावती नाही, अशा गाडीपेक्षा दर महिन्याला बाहेर निघणारी, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी लवकर जाते. काकांना मी हेच सांगितलं, की तुमच्या गाडीला गिऱ्हाईकाआधी सर्व्हिसची गरज आहे. नवे टायर, नवी बॅटरी, सगळी तेलं बदलून त्याची बिलं फाइलला लावा, मग बोलावा. त्यांनी मुंबईहून अंदाजपत्रक मागवलं आणि ते बघून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अंदाजपत्रकावरून कोजागिरीच्या कोंडाळ्याला सांगायची मुख्य गोष्ट आली. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. साठ लाखांची गाडी अठरा लाखांना मिळाली तरी तिचा ब्रेक, तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्याच गाडीचा राहतो. नेमकी वॉरंटी संपताना या गाड्या बाजारात का येतात, याचं उत्तर यातच आहे. दुसरंही कारण आहे. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीवर आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर, म्हणजे पहिल्या वर्षांत मोठा आणि पुढे कमी कमी. कारखानदाराचा हिशोब तीन-चार वर्षांत बसतो. आपण पगारदार, आपल्याला घसारा मिळत नाही, नुसता सोसावा लागतो.

रंगाकडे वळू. फेरारी लाल का, याचं उत्तर विक्रीत नाही, शर्यतीत आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटार शर्यतीत देशांना रंग वाटून दिलेले असत. इटलीला लाल, इंग्लंडला हिरवा, फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, जो पुढे चंदेरी झाला. फेरारीचा लाल तिथला. खुद्द कंपनीच्या घोड्यामागचा रंग मात्र पिवळा आहे, कारण तो मोडेना शहराचा. १९८७ची एफ-४० तर कारखान्यातून फक्त लालच निघायची. अशा गाडीत लाल असणं ही किंमत वाढवणारी गोष्ट नाही, ती अपेक्षाच असते. उलट जिथे ऐंशी जण लाल घेतात तिथे कारखान्यातूनच आलेला एखादा दुर्मिळ रंग, कागदासकट, जास्त खेचतो. तपकिरी मॅक्‌लॅरनचं कोडं असं सुटतं.

साध्या बाजारात बरोबर उलटा नियम. इथे गिऱ्हाईकाला बायकोची, वडिलांची आणि कधी कधी ज्योतिषाचीही परवानगी लागते. पांढरा कोणाला नको होत नाही, म्हणून पांढरी लवकर जाते. उन्हात कमी तापते, ओरखडा कमी दिसतो, टचअप सहज जुळतो. काळी शोरूममध्ये राणी आणि खानवेल रस्त्यावरच्या धुळीत आठवड्यात भिकारीण. चॉकलेटी, जांभळ्या, भगव्या रंगांना गिऱ्हाईक मिळतं, पण वाट बघावी लागते, आणि वाट बघणाऱ्याचा भाव खाली येतो.

इथे एक गंमत. अमेरिकेत आयसीकार्स नावाची कंपनी जुन्या गाड्यांच्या लाखो व्यवहारांवरून रंगवार घसारा काढते, आणि तिच्या यादीत सगळ्यात कमी किंमत गमावणारा रंग वारंवार पिवळा निघतो. हे वाचून आमच्या ऑफिसातला एक मुलगा पिवळी हॅचबॅक बुक करायला निघाला होता. त्याला म्हटलं, थांब. पिवळ्या रंगात तिथे विकल्या जातात त्या मुख्यतः स्पोर्ट्‌स गाड्या, आणि स्पोर्ट्‌स गाड्या मुळातच किंमत टिकवतात. आकडा रंगाच्या खात्यात जमा झाला, कमाई गाडीची. डेटावर पोट असणाऱ्या माणसाने तरी असं फसू नये. (त्याने शेवटी पांढरी घेतली. सासऱ्यांचा सल्ला.)

स्टिकर, रॅप, मॅट फिनिश करायची हौस असेल तर करा, पण मूळ रंग बदलून आरसीवर चढवला नाही तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. आणि पूर्ण रंगवलेल्या गाडीला गिऱ्हाईक पहिला प्रश्न अपघाताचाच विचारतो.

राहिला वापर. ओडोमीटर हा शेवटी कुठल्यातरी चिपमध्ये साठवलेला आकडा आहे, आणि साठवलेला आकडा बदलता येतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाने सांगायला हरकत नाही. पण आजच्या गाडीत तोच आकडा किंवा त्याच्या खुणा एकाहून जास्त ठिकाणी राहतात, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक भेटीचं रनिंग नोंदलेलं असतं. सगळीकडे हात पोचत नाही. पोर्शेच्या इंजिनाचा संगणक तर मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं याची पट्ट्यांनिशी नोंद ठेवतो, आणि परदेशात गिऱ्हाईक तो अहवाल मागतोच. फेरारीच्या ऑटोमॅटिक क्लचची झीज टक्क्यांत वाचता येते. म्हणजे मालक काय सांगतो याच्या पलीकडे गाडी स्वतः बोलते.

आपल्या गाड्यांनाही एक प्रश्न विचारता येतो. काहींत स्कॅनर लावला की इंजिन एकूण किती तास चाललं ते दिसतं. रनिंगला तासांनी भागा. २० हजार किलोमीटर आणि १००० तास, म्हणजे सरासरी ताशी २०. ही गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर झिजलेली. तेच २० हजार ४०० तासांत झाले असतील तर सरासरी ताशी ५०, म्हणजे हायवेची. आकडा एकच, इंजिन दोन वेगळ्या वयांचं. हे जमलं नाही तर क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टीअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. तीस हजार सांगतात आणि पेडल गुळगुळीत, तर नमस्कार करून निघा.

आता खास आपल्यासाठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या इथल्या नंबरच्या, जुन्या डीएन-०९ किंवा २०२०च्या विलीनीकरणानंतरच्या डीडी मालिकेतल्या. इथला रोड टॅक्स महाराष्ट्राच्या मानाने बराच कमी, म्हणून घेताना आनंद होतो. पण मुलांच्या शिक्षणासाठी नाशिक-पुण्याला परतायचं ठरलं, किंवा तिकडच्या भावाला गाडी द्यायची झाली, की तो आनंद परत करावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदणी लागते. इथून फॉर्म २८ची एनओसी, तिथे कर. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीवर किमतीनुसार साधारण ११ ते १३ टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट. उरलेल्या वर्षांचा इथला कर परत मागता येतो, पण आधी तिकडे भरून, मग इकडे खेटे घालून. ठाण्याच्या डीलरला हे पाठ असतं. आपला नंबर बघताक्षणी तो मनातल्या मनात कर वजा करतो आणि मगच भाव सांगतो. म्हणून इथल्या नंबरची गाडी शक्यतो इथेच, निदान शेजारच्या वापी-वलसाडला विचारून मग तिकडचा विचार करा. महागड्या गाडीत हा फरक लाखांत जातो.

भाव ठरवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही (वर्षाच्या आत १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, पाच वर्षांपर्यंत ५०) हा विम्याचा हिशोब आहे, बाजारभाव नाही, पण बोलणी सुरू करायला बरी पडते. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीलाही खाली यावं लागतं, तेव्हा त्याआधीचे भाव डोक्यातून काढा. डीलर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरतो. घरगुती माणसाने दुसऱ्या घरगुती माणसाला विकली तर तो लागत नाही, म्हणून थेट सौद्यात दोघांनाही थोडं जास्त उरतं.

थेट विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ‘बघा तुम्ही, करून घ्या’ असं म्हणून किल्ली देऊ नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून सहा महिने झाले, मधल्या तीन हातांतून गेली आणि कोणाला उडवलं, तरी भरपाईची नोटीस तुमच्या घरी येते. त्यामुळे नाव बदललेलं परिवहनच्या साइटवर स्वतः बघेपर्यंत शेवटचा हप्ता हातचा राखून ठेवा. घेणाऱ्याला सांगताना अवघड वाटलं तर माझं नाव पुढे करा.